कोळीभाजीची भिंत

तुकाराम दुमाडाची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. त्यात नवल काही नाही. मी दुबईत एका इंटिरिअरच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दुकानं, दवाखाने, हॉटेलं आतून सजवून द्यायची आणि तारीख चुकू नये म्हणून सगळ्यांच्या मानगुटीवर बसायचं, हे माझं काम. माझा नवरा शैलेंद्र म्हणतो, विभावरीला कंपनी रागावण्याचाच पगार देते, बाकीचं काम ती हौसेने करते.

आमचं वर्कशॉप दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आहे. एका सकाळी तिथे गेले तर दाताच्या दवाखान्यासाठी बनवलेल्या कपाटांचे खोके ट्रकमध्ये चढत होते, आणि त्या खोक्यांवर चारी बाजूंनी पांढऱ्या प्रायमरने चित्रं काढलेली होती. पत्ता, कंपनीचं नाव, वरची बाजू दाखवणारा बाण, सगळं त्या चित्रांखाली गेलं होतं. मी फोरमन मुश्ताकवर सुटले. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि ट्रकजवळ उभ्या असलेल्या एका बुटक्या, रुंद खांद्यांच्या माणसाकडे बोट केलं. "मॅडम, ये आपका ही मराठी आदमी है. आप ही समझाओ."

समजवायला गेले. हा माणूस मान खाली घालेल, सॉरी म्हणेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "खोका खराब नाही झाला मॅडम. खोक्याचा भाव वाढला."

ते तो इतक्या सरळपणे म्हणाला की मी भांडण बाजूला ठेवलं. मग चित्र नीट पाहिलं. जमिनीतून वर आलेले दोन टोकदार कोंब, शेजारी वाकून खणणाऱ्या दोन बायका, त्यांची अंगं वारली चित्रात असतात तशी दोन त्रिकोणांची, आणि त्या कोंबांवर वाकलेली एक बारीक फळांची फांदी. मी ठाण्याची. आमच्या घरी जून लागला की शेवळं यायची, आणि आई भाजीवालीकडे आधी काकडाची फळं आहेत का विचारायची, मगच शेवळांना हात लावायची, कारण काकडाशिवाय शेवळं घशाला खाजतात. मी म्हटलं, हे शेवळं आणि काकड आहे. तुकाराम तोंडभर हसला. इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी नाव बरोबर सांगितलं, म्हणाला, नाहीतर सगळे फ्लॉवर म्हणतात. मी खोक्याची एक बाजू कापून घरी नेली. दवाखान्याला नवा खोका गेला, आणि त्याचं कारण मुश्ताकने कागदावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

घरी माझ्या मुलीने, अवनीने, ते पुठ्ठ्याचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आई, इट लुक्स लाइक अ रेसिपी." पोरगी मराठीत बोलत नाही, पण बोलली ते अगदी खरं होतं.

तुकाराम जव्हारच्या बाजूच्या एका पाड्यातला वारली. आधी वीटभट्टी, मग भिवंडीच्या गोदामात हमाली, तिथून एका एजंटमार्फत इकडे. राहणं जबल अलीच्या कॅम्पमध्ये, कंपनीच्या बसने येणंजाणं, आणि काम ट्रक भरण्याचं, रिकामे करण्याचं. घरी आई, बायको आणि दोन मुलं. चित्रकला तो आईकडून शिकला. सगुणाबाईंचा हात आसपासच्या पाड्यांत नावाजलेला होता. लग्नघरात भिंतीवर चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहायचा असला की सवाष्णींमध्ये त्यांना पहिलं बोलावणं असायचं. हा लहानपणी आईचं तांदळाच्या पिठाचं भांडं धरून उभा राहायचा. माझ्याएवढं चांगलं भांडं कुणी धरत नव्हतं, हेही त्याने मला सांगितलं. स्वतःची स्तुती करायला त्याला दुसरा माणूस लागत नाही.

लोकांना त्याच्याकडून तारपा नाच हवा असायचा, मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणारी माणसं. ऑफिसातल्या एकीने दिवाणखान्यासाठी गोल नाचाचं चित्र मागितलं, तर त्याने तिला बांबूचे कोंब काढून दिले, आणि ते सोलणारी म्हातारी. नाच सगळेच काढतात, म्हणाला, पण खाल्ल्याशिवाय नाचेल कोण. तो खाण्याचंच काढायचा. मोहाची फुलं वेचणारी पोरं, टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवलेले कडूकंदाचे काप, म्हणजे त्यातला कडूपणा रात्रभरात निघून जातो. नुसतं झाड त्याने कधी काढलं नाही. झाड, ते आणणारा माणूस, ते शिजवण्याची खोड, सगळं एकत्र असायचं. पुठ्ठा मिळाला की झालं. जगभरातून खोके येतात मॅडम, म्हणायचा, आणि सगळ्यांचा रंग आमच्या घराच्या भिंतीचा.

मग सुजाताताईंचं काम आलं. सुजाताताई मूळच्या कल्याणच्या, शारजात कितीतरी वर्षं डबे करून देत होत्या. एकट्या राहणाऱ्या निम्म्या मराठी पोरांना त्यांनी जगवलं. आता शारजातल्याच रोल्ला भागात त्यांनी स्वतःचं खानावळवजा हॉटेल काढायचं ठरवलं होतं. आतलं काम आमच्याकडे. दारातून आत आलं की समोर लांबच लांब भिंत होती आणि ती त्यांना साधी नको होती. मी त्यांना माझ्या घरचा पुठ्ठा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला पूर्ण भिंत रानभाज्यांची हवी. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. चार हजार दिरहम गेले तरी चालतील, म्हणजे जवळजवळ लाख रुपये झाले की गं. जाऊ दे, देते."

आमच्या बॉसकडे मी शब्द टाकला. ते म्हणाले, बघू. ही भिंत नीट आणि वेळेत झाली तर तुकारामला ट्रकवरून काढून रंगकामाच्या विभागात घेऊ, आर्टिस्ट म्हणून, व्हिसावरचं पदसुद्धा बदलू. नाही झाली तर तो परत ट्रकवर, आणि तू मला पुन्हा विचारायचं नाहीस. तुकारामला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जराही काळजी दिसली नाही. बॉसला म्हणावं, व्हिसाचे कागद आत्ताच तयार करायला घ्या, म्हणाला.

वेळ थोडा होता. जूनच्या अखेरीस शाळांना सुट्टी लागते आणि सगळे मराठी लोक बायकापोरांसह भारतात पळतात, मग दोन महिने हॉटेलात कावळाही यायचा नाही. म्हणून सुजाताताईंना सुट्टीच्या आधी उद्घाटन हवं होतं. तुकारामने बर दुबईतल्या पूजेच्या सामानाच्या दुकानातून गेरू आणला आणि भिंतीला असा काही रंग दिला की एसी चालू असूनही तिथे ओल्या मातीजवळ उभं राहिल्यासारखं वाटायचं. ब्रशला हात लावला नाही. कबाब भाजायच्या बांबूच्या काड्या आणल्या, टोक दातांनी चावून फाडलं आणि त्याने रेघा ओढल्या.

उन्हाळ्याची अर्धी भिंत त्याने बघताबघता उभी केली. मोहाखाली वाकलेली माणसं, काकडाच्या फांदीवर चढलेला पोरगा, ओढ्यातली कडूकंदाची टोपली, आणि चुलीपाशी बसलेली एक बाई, जिच्या मडक्यातून निघालेली वाफ थेट वरच्या ढगांपर्यंत जात होती. सुजाताताई रोज संध्याकाळी येऊन समोर खुर्ची टाकून बसायच्या. एकदा त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्यांनी ते एसीवर ढकललं. ढगांपर्यंत काम आलं, आणि तुकारामने काडी खाली ठेवली.

मला आधी वाटलं दमला. दुसऱ्या दिवशीही काडी खालीच. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "अजून भाजी झाली नाही मॅडम."

त्यांच्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला कोळीभाजी उगवते. आम्ही ठाण्याचे लोक तिला फोडशी म्हणतो, गवतासारखी दिसते, पांढरं फूल येतं. ती आधी देवाला आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांना द्यायची. मग घरातल्या मोठ्याने पहिला घास घ्यायचा. तोपर्यंत पावसाळ्यातली दुसरी कुठलीही भाजी तोडायची नाही, खायची नाही. आणि आमच्याकडे काढायचीही नाही, तुकाराम म्हणाला. मी ताडताड बोलले. चित्र आहे रे ते, कुणी चावणार आहे का भिंतीला. तो म्हणाला, "खाण्याच्या जागेत लावायला काढतोय ना? मग ते खाणंच आहे." असं बिनतोड काही ऐकलं की मला जास्तच राग येतो.

हे त्याचं नुसतं चित्रापुरतं नव्हतं, हे मला मुश्ताककडून कळलं. दरवर्षी जून लागला की तुकाराम कॅम्पमध्ये पालेभाजी खाणं बंद करायचा. डाळ, अंडी, बटाटा. खोलीतले लोक त्याची टर उडवायचे, समोर मेथी नाचवायचे. मग त्याच्या वडिलांचा व्हॉट्सअॅपवर आवाजाचा निरोप यायचा की घरात भाजी झाली, आणि त्या दिवशी तुकाराम अख्खी जुडी एकटा संपवायचा. यंदा निरोप पाठवायला वडील नव्हते. ते थंडीत गेले. तुकारामचा व्हिसा तेव्हा नव्याने होत होता, पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अडकलेला, त्याला जाता आलं नाही. मुश्ताक म्हणाला, त्या दिवशीही तो ट्रक भरत होता.

मी विचारलं, मग यंदा निरोप कोण देणार? काका, तो म्हणाला, आता घराण्यात तेच मोठे. मग काकांना फोन कर आणि विचार. तो माझ्याकडे मी काहीतरी अचाट बोलल्यासारखं बघायला लागला. मोठ्याला विचारायचं नसतं. मोठा सांगतो, बाकीचे ऐकतात. घाई केली की भाजी लाभत नाही. "येईल मॅडम, इन्शाल्ला. रान काय कुणासाठी थांबत नाही."

रान थांबलं नाहीच. पाऊस लागला. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पोरांच्या स्टेटसवर टोपल्याच्या टोपल्या दिसायला लागल्या, शेवळं, लोत, टाकळा. तुकाराम ते फोटो मोठे करून बघायचा आणि फोन खिशात ठेवायचा. त्याच्या घरून मात्र काही नाही. आई बोलायची, मुलं बोलायची, पाऊस कसा, शाळा कशी, सगळं. भाजीचं अवाक्षर नाही. बढाया मारणारा माणूस गप्प झाला की जास्त जाणवतं. तो रोज रोल्लात यायचा, उन्हाळ्याच्या बाजूला एखादी मुंगी, एखादं पान वाढवायचा, आणि उरलेली अर्धी भिंत तशीच लाल.

सुजाताताईंनी मला फोनवर धरलं. "विभा, तू मला इन्शाल्ला-बिन्शाल्ला सांगू नकोस. मी पत्रिका वाटल्यात. पाहुणे अर्धी भिंत बघून काय म्हणतील?" बॉसकडेही बातमी पोचली होती. त्यांनी फार सोपा मार्ग काढला. वारली डिझाइन छापलेलं विनाइल मागवा, मोकळ्या भागावर चिकटवा, खलास. उद्घाटनाआधीच्या शुक्रवारी मुश्ताक रोल घेऊन येईल. आणि तो तुमचा आर्टिस्ट सोमवारपासून लोडिंगला.

हे मी तुकारामला सांगितलं. त्याने विनाइल म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं. आईने शिकवलेल्या चित्रांना स्टिकर लावणार, एवढंच तो म्हणाला. त्याला भिंत हवी होती. ते काम त्याला किती हवं होतं हे मी बघत होते, मुश्ताक सांगायचा, कॅम्प ते वर्कशॉप बसमध्येसुद्धा तो काडीने मांडीवर रेघा ओढायचा. पण तो काडी उचलत नव्हता. मला त्याला धरून हलवावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी आपल्याला असं कशासाठी तरी अडून बसता येईल का, हा विचारही मनात येत होता.

शेवटी मी म्हटलं, तुला विचारायचं नसेल, पण मला? मी काही तुमच्या घराण्यातली नाही. तुकारामने विचार केला. तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला नियम नाही, म्हणाला, पण भाजीचं नाव काढू नका. व्हॉट्सअॅपवर इथे बोलता येत नाही, फोन लागतच नाही, म्हणून सगळे वापरतात त्या बोटिमवरून त्याने आईला लावून दिलं आणि स्वतः दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

सगुणाबाई माझ्याशी आधी पावसाचं बोलल्या. आवाज मुलासारखाच, ठाम. त्यांच्या बोलीतलं मला निम्मं कळत होतं. दुसऱ्याच्या घरात शिरायचं झालं की मी स्वयंपाकघरातून शिरते. मी विचारलं, आज काय जेवलात?

डाळ, त्या म्हणाल्या. काल? डाळ, आणि सुकट. मुलांनी? तेच. दुकानातून बटाटे आणले होते, संपले. मी म्हटलं, एवढा पाऊस लागलाय, शेजारीपाजारी काय करतात? शेजारी भाजी खातात, त्या म्हणाल्या, दिराच्या घरीही झाली, त्याची चूल वेगळी, त्याने त्याच्या घरची केली. आमची पोरं शेजारच्या दारातून वास घेऊन परत येतात.

"मग तुमच्या घरी का नाही?"

"आमच्या घरात आता मोठा तुकाराम," सगुणाबाई म्हणाल्या. "तो सांगेल तेव्हा."

फोन चालूच ठेवून मी मनात हिशोब लावला. तिकडे चार माणसं भरल्या रानात डाळ खाऊन बसली होती, कारण तुकारामने सांगितलं नव्हतं. इकडे तुकाराम अर्धी भिंत घेऊन बसला होता, कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्हीकडच्यांनी नियम अगदी नीट पाळला होता. मोठ्याला विचारायचं नसतं.

मी त्याला आत बोलावलं आणि सांगितलं. तो रंगाच्या डब्यावर बसला. काका आहेत ना, असं दोनदा म्हणाला. मग, पोरांनी अजून भाजी नाही खाल्ली? मी नाही म्हटलं. मग तो बराच वेळ हाताचे पंजे एकमेकांवर घासत राहिला. मी त्याला आजवर कधी असं बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं बाबा गेले म्हणजे निरोप पाठवणारा गेला, तो म्हणाला. ते काम माझ्याकडे आलं हे कुणी सांगितलंच नाही.

आता तोडगा काय? नुसतं सांगून भागणार नव्हतं, पहिला घास त्यानेच घ्यायला हवा होता. नेहमीसारख्या संध्याकाळी आलेल्या सुजाताताई म्हणाल्या, त्यांच्या ओळखीचं कुणीतरी मुंबईहून येतंय, त्याच्याबरोबर भाजी मागवू, तुकाराम इथे खाईल, झालं. तुकारामने मान हलवली. पहिला घास व्हायच्या आधी ती घराबाहेर द्यायचीच नाही, तर पाठवणार कशी? तो गेला पाहिजे किंवा भाजी आली पाहिजे, आणि दोन्ही होत नव्हतं. आम्ही तिघं तिथे बसलो होतो आणि फोन चालूच होता. सगुणाबाई सगळं ऐकत होत्या.

"तू काढ," त्या फोनमधून म्हणाल्या.

तुकाराम म्हणाला, भाजी व्हायच्या आधी कशी काढू. त्यावर सगुणाबाई जे बोलल्या ते त्याने मला नंतर नीट सांगितलं. लग्नाच्या चौकात मी देवी लिहिते, ती आधी येऊन बसलेली असते का? लिहिते म्हणून येते. लिहिणं म्हणजे तोडणं नाही, बोलावणं आहे. नवरा गेला तसं मला कुणी चौक लिहायला बोलवत नाही, पण लिहायचं कसं हे मी विसरले नाही. तू तिथे कोळीभाजी लिही. ती झाली की फोटो पाठव, मग आम्ही रानात जाऊ.

तुकाराम उठला. त्याच्या पाठीकडे बघूनच मला कळलं की माझं काम आता फक्त बाजूला व्हायचं आहे.

शुक्रवारी सकाळी तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. मोकळ्या लाल भिंतीच्या अगदी सुरुवातीला, शेवटच्या ढगाखाली, त्याने एकच रोप काढलं. बारीक लांब पाती, मधून वर आलेला दांडा, त्यावर ठिपक्यांची फुलं. आजूबाजूला ना माणूस ना चूल. त्याने काढलेलं पहिलंच एकटं झाड. मी विचारलं, माणसं? ती येतील, म्हणाला, आत्ता रानात गेलीत. फोटो पाठवला होता.

दुपारी नमाजाच्या वेळेला रोल्लातली दुकानं अर्धी मिटलेली असतात. सुजाताताईंनी भात केला आणि केळीच्या पानावर वाढून भिंतीशी ठेवला. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. पडद्यावर तुकारामचं घर होतं, चुलीपुढे सगुणाबाई, डोक्यावरून पदर घेतलेली बायको, दोन मुलं, आणि मध्ये टोपात शिजवलेली हिरवी भाजी. मुलांची नजर टोपावरून हलत नव्हती. तेवढ्यात मुश्ताक दारात आला, खांद्यावर विनाइलचा रोल. त्याने आत पाहिलं, रोल हळूच खाली उभा केला, चपला काढल्या आणि दाराशीच थांबला.

तुकाराम भिंतीसमोर बसला आणि नावं घ्यायला लागला. कणसरी माउली. हिरवा देव. मग घराण्यातली गेलेली माणसं. धाकल्या. जान्या. लाडक्या, म्हणजे त्याचा आजोबा. आणि तिथे थांबला.

आम्हाला आधी वाटलं आठवतोय. पण तो आठवत नव्हता. पुढचं नाव कुणी सुचवणारंही नव्हतं. सगुणाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सून सासऱ्याचं घेत नाही, पोरांना तर ते नाव आजा एवढंच माहीत. ते त्यानेच घ्यायचं होतं. त्याने बापाला पोचवलं नव्हतं, खांदा दिला नव्हता, तोंड बघितलं नव्हतं. आजवर त्याच्यापुरता बाप घरीच होता, फक्त निरोप पाठवत नव्हता. आता नाव घेतलं की तो त्या रांगेत जाऊन बसणार होता. तुकारामचे खांदे हलायला लागले. सुजाताताईंनी माझा हात घट्ट धरला. पडद्यावरची बायको पदराने डोळे पुसत होती. सगुणाबाई मात्र समोर ताठ बसून होत्या.

"घे," त्या म्हणाल्या. "भाजी निवते."

"चिंतू," तुकाराम म्हणाला. मग श्वास घेऊन, सगळं, मोठ्याने, "चिंतू लाडक्या दुमाडा."

त्याने पानातला भात उचलला, भिंतीवरच्या रोपाकडे धरला आणि पहिला घास घेतला. रडत रडत चावत राहिला. तो गिळेपर्यंत तिकडे कुणी बोटसुद्धा हलवलं नाही. मग त्याने मान डोलावली, आणि जव्हारच्या त्या घरात सगळ्यांचे हात एकदम टोपाकडे गेले.

मुश्ताकने चपला पायात सरकवल्या. विनाइलचा रोल उचलला आणि व्हॅनमध्ये परत नेऊन ठेवला. तुकारामने हात धुतले आणि कोळीभाजीशेजारी टोपली घेतलेली एक म्हातारी काढायला घेतली.